कोल्हापूरला जाऊन आलेला क्लच

तिसरा

तर झालं असं, की इंजिन पुढं गेलं आणि गाडी मागं राहिली.

सोलापूरबाहेर बाळे ओलांडल्यावर, पुण्याच्या रस्त्याला, चिंचोळी एमआयडीसीचे पत्रे दिसू लागतात त्या सरळ पट्ट्यात अण्णांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. समोरच्या दोन काट्यांपैकी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा टुणकन वर उडाला. वेगाचा काटा मात्र शेजारच्या घरातल्या भांडणात न पडणाऱ्या माणसासारखा होता तिथंच बसून राहिला. पाठोपाठ वास आला, इस्त्रीखाली कापड विसरल्यासारखा.

“ऐकलंस?” अण्णा म्हणाले.

“ऐकलं. ओरडलं कोण?”

“इंजिन. क्लच घसरतोय.”

“घसरतोय म्हणजे कशावरून?”

ही इंद्रायणीची खोड. जुळे सोलापुरात तिचं औषधांचं दुकान आहे, आणि डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्या माणसाला ती आधी डोकं नेमकं कुठं दुखतं ते विचारते. गिऱ्हाइकं वैतागतात, पण पुढच्या डोकेदुखीला तिच्याकडेच येतात. अण्णा म्हणजे तिचे वडील, शरच्चंद्र मंगरूळकर. त्यांचा जन्म कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड त्यांना. हे दोघं एका गाडीत बसले की रेडिओ लावायची गरज नाही, असं आई म्हणायची.

गाडी निळी, जपानी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. छप्पर मागं टाकता येणारी. निवृत्त झाल्यावर अण्णांनी ती पुण्यातल्या एका हौशी डॉक्टरकडून घेतली. त्या डॉक्टरनं इंजिनाला टर्बो जोडून ताकद वाढवली होती आणि क्लच मात्र मूळचाच ठेवला होता. घोडा नवा, लगाम जुना. तरी अण्णा ती रोज काढायचे. स्पोर्ट्स कार असली म्हणून काय झालं, मंडईतून मेथीच्या जुड्या त्याच गाडीनं घरी यायच्या, आईच्या मांडीवर बसून.

आणि गुडघा. डावा. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आई त्याला ‘तो’ म्हणायची. “आज ‘तो’ कसा आहे?” असं तिनं विचारलं की अण्णा खिडकीबाहेर बघून “छान ऊन पडलंय” म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने टाळा, मांडी घालू नका, आणि गाडीच चालवायची असेल तर बिनक्लचची चालवा. अण्णांनी जिने टाळले. बॅडमिंटन सोडलं, पंगतीत बसणं सोडलं. शेवटचं वाक्य त्यांना ऐकूच आलं नाही.

अण्णांनी गाडी कडेला घेऊन घसरण्याचं कारण सांगितलं, आणि इंद्रायणीला तिथंच पुढचं सगळं दिसलं. वाढलेल्या ताकदीला आता जास्त पकडीचा क्लच लागणार. जास्त पकड म्हणजे जास्त जड पेडल. पेडल दाबायचं डाव्या पायानं. क्लच चुकीचा निवडला, तर अण्णांचं गाडी चालवणं संपलं, आणि गाडीबरोबर बरंच काही.

“अण्णा, कुठला क्लच घ्यायचा ते मी पण ठरवणार.”

“तुला क्लचमधलं काय कळतं?”

“काहीच नाही. म्हणून तर.”

न्यूट्रल

होटगी रोडला कल्लप्पाचं गॅरेज आहे. कल्लप्पा वळसंगचा. आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता पाटीवर ‘फॉरेन गाड्यांचे तज्ज्ञ’ असं लिहून घेतलं आहे. बोलताना तो कधी अडखळत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल बोलताना तर अजिबातच नाही.

त्यानं गोणपाटावर सगळं मांडलं. “हे बघा ताई. इंजिनच्या टोकाला हे लोखंडी चाक, फ्लायव्हील. ही क्लच प्लेट त्याला चिकटून फिरती. मागनं ही प्रेशर प्लेट तिला दाबून धरती. तुमी पेडल दाबलं की पकड सुटती, सोडलं की पकड बसती. एवढीच गंमत हाय.”

“मग घसरली का?”

“इंजिनचा जोर वाढला, पकड हाय तेवढीच. तालमीतल्या पैलवानाला बारक्या पोराचा लंगोट बांधला की तुमी!”

अण्णा मोठ्यानं हसले. कल्लप्पानं तीन डाव टाकले. पहिली साधी प्लेट, कंपनीची असते तशी. दुसरी तिच्याच जातीची, पूर्ण गोल, मधे धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा असलेली, आणि तिच्या जोडीला जास्त जोरानं दाबणारी प्रेशर प्लेट. तिसरी त्यानं वर्तमानपत्रातून अशी बाहेर काढली, की जणू जावयासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा. ती गोल नव्हतीच. चांदणीसारखे हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला सिरॅमिकची एक टिकली.

“बटनवाली,” कल्लप्पा म्हणाला. “ट्रॅक्टरला असती तसली. उसाच्या दोन ट्रॉल्या वडती, पण घसरायची न्हाय. आन् संगट हे अल्युमिनियमचं फ्लायव्हील. हलकं. फुलासारखं.”

ट्रॅक्टरला अशा प्लेटा त्यानं खूप बसवल्या होत्या, स्पोर्ट्स कारला एकही नाही. हिला बसवली तर काय होईल, हे बघायची हाव त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. इंद्रायणीला ती हाव ओळखीची वाटली, अण्णांच्या तोंडावर ती रोज बघायची.

“हीच,” अण्णा म्हणाले.

“का?”

“जडत्व, इंदू. चाक जितकं हलकं, तितकं इंजिन झटकन फिरतं.”

“आणि झटकन थांबतं?”

“हं. तेही.”

“मग सिग्नलवरून गाडी उचलताना काय होतं?”

अण्णा विचार करू लागले. उत्तर कल्लप्पानं दिलं. “बंद पडती. जरा रेस करून उचलायची. सवय लागती की.”

इंद्रायणीनं दोन्ही फ्लायव्हील उचलून बघितली. लोखंडाचं पाट्यासारखं मनगट खाली ओढत होतं, अल्युमिनियमचं पोळपाटासारखं उचललं गेलं. तिला आईचं शिवणयंत्र आठवलं. पाय थांबला तरी त्याचं चाक आणखी दोन टाके घालून मगच थांबतं. म्हणजे जड चाक स्वतःजवळ थोडी गती धरून ठेवतं, आणि गाडी जागची हलवताना तीच गती पहिला रेटा देते. हलक्या चाकाकडं द्यायला काही नसतं. मग तो रेटा कुणी द्यायचा? चालवणाऱ्यानं. उजव्या पायानं रेस करून, डाव्या पायानं तोलून धरून.

डाव्या पायानं.

“आणि पेडल किती जड होतं?” तिनं विचारलं.

अण्णा गॅरेजच्या छताकडं बघू लागले. कल्लप्पाला गुडघ्याचं काही माहीत नव्हतं. “हिची प्रेशर प्लेटबी लई जोराची, पेडल काय, दगूड असतंय. पण सरांच्या पायात दम हाय की!”

“आहेच,” अण्णा छताला म्हणाले.

कोपऱ्यात एक पांढरी गाडी उभी होती. अक्कलकोटचा मल्लिकार्जुन म्हणून एक जण ती शर्यतीला नेतो, आणि तिला बटनवाली प्लेट, हलकं फ्लायव्हील असं दोन्ही बसवलेलं होतं, मुंबईहून कुणाकडून तरी. ती चालवून बघू का, म्हणून मल्लिकार्जुनला फोन झाला. तो म्हणाला, न्या की, फक्त ठोकू नका.

पहिला

आसरा पुलाच्या चढावर, गाड्यांच्या रांगेत, अण्णांनी पहिला गिअर टाकला, डावा पाय हळूहळू सोडला आणि

बंद पडली.

आसरा पुलाच्या चढावर, गाड्यांच्या रांगेत, अण्णांनी परत पहिला टाकला, इंजिन थोडं रेस केलं, डावा पाय हळूहळू सोडला, गाडी बेडकासारखी हात-दीड हात उडाली आणि

बंद पडली.

आसरा पुलाच्या चढावर, मागं उसाचा ट्रॅक्टर, डावीकडं रिक्षा, रिक्षावाला मान बाहेर काढून विचारतोय, “क्या चचा, धक्का मारूं क्या?”, इंद्रायणी त्याला हातानं थांब म्हणतेय, अण्णांनी तिसऱ्यांदा पहिला टाकला, इंजिन इतकं रेस केलं की पुढची म्हैस वळून बघू लागली, पाय एकदम सोडला, टायर किंचाळले, आणि गाडी गेली.

उतारावर अण्णांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता. तो तिथं आहे हे बहुतेक त्यांना कळलं नव्हतं. कळल्यावर त्यांनी तो उचलून कपाळ पुसलं.

“ऊन आहे.”

“आहे,” इंद्रायणी म्हणाली. “परत मी आणते.”

तिनं आणली, तीही दोनदा बंद पाडत. गॅरेजमध्ये आल्यावर ती सरळ आपल्या औषधांच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसाठी बाहेर ठेवलेला वजनकाटा घेऊन आली. उभं राहून वजन करायचा, तबकडीवर सुई फिरणारा. तो तिनं मल्लिकार्जुनच्या गाडीतल्या पेडलवर उभा टेकवला आणि काट्यावरून पाय दाबला. कल्लप्पा वाकून सुई बघत होता.

“ताई, काय करूलालाव तुमी? पेडलचं वजन?”

“पायाला किती पडतं ते बघतेय. किती झालं?”

त्यानं आकडा सांगितला. मग गॅरेजमधल्याच दुसऱ्या एका गाडीचं पेडल तोललं, जिला कल्लप्पानं दाखवलेली दुसरी, पूर्ण गोल प्लेट होती. हा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून जरा वर.

“काटा उभा धरला की मापनात चूक येते,” अण्णा म्हणाले.

“चूक दोन्हीकडं सारखीच येणार ना अण्णा?”

कल्लप्पा चहा सांगायला गेला तेव्हा अण्णा हळू आवाजात म्हणाले, “इंदू, सगळं मऊ झालंय गं. खुर्ची मऊ, गादी मऊ, तुझी आई कडक भाकरीसुद्धा दुधात भिजवून देते. एक वस्तू तरी अशी असू दे की जिच्याशी झुंजावं लागतं.”

तिनं विचारायचं ते विचारलंच. “झुंजायचंय, की चालवायचंय?”

चहा आला. अण्णांनी तो संपवला. कप ठेवताना म्हणाले, “कल्लप्पा, ती गोल प्लेट. आणि फ्लायव्हील लोखंडाचंच, पण कडेनं थोडं वजन उतरवलेलं मिळतं ना? ते.”

बटनवाली प्लेट परत वर्तमानपत्रात गेली. कल्लप्पानं तिच्याकडं स्थळ मोडलेल्या बापासारखं बघितलं. मग म्हणाला, “बरं. पण एक ध्यानात ठेवा सर. पाचशे-सहाशे किलोमीटर मऊ चालवायची. प्लेट चाकावर बसली पायजे. तवर रेसवर पाय दाबायचा न्हाय.”

पाचवा

आता नवा क्लच बसला, म्हणजे गाडीत नवी वस्तू आली, आणि नवी वस्तू आली की ती आधी देवाला दाखवायची ही सोलापूरकडची रीत, मग ती सायकल असो की दळणाची गिरणी, आणि आईनं, म्हणजे गोदावरीबाईंनी, पाचशे किलोमीटर हा आकडा ऐकताच बोटांवर देव मोजले आणि म्हणाल्या की तुळजापूर, गाणगापूर आणि कोल्हापूर धरलं तर क्लचही बसतो आणि नवसही फिटतो, ज्यावर अण्णांसारखा विज्ञानाचा माणूससुद्धा खूष झाला, कारण आकडे पुरून उरत होते, कल्लप्पाही म्हणाला की लई बेस्ट, आणि इंद्रायणीला, जिला सगळ्यात प्रश्न पडतात, तिला यात एकही प्रश्न पडला नाही, मग चाकांखाली लिंबं चिरडून पहिल्या रविवारी अण्णा आणि आई तुळजापूरला गेले, घाटात काय ते दोन-चार वेळा गिअर बदलला तेवढाच, पुढच्या खेपेला अण्णा आणि इंद्रायणी गाणगापूरला, छप्पर मागं, दोन्हीकडं तुरीची शेतं, अण्णा पाचव्या गिअरमध्ये एका तालात चाललेले आणि डावा पाय लांब करून निवांत ठेवलेला, “बघ, पेडल कसं लोण्यासारखं आहे,” असं ते सांगत होते आणि ते खरंच होतं कारण तासाभरात त्यांनी त्याला हात, म्हणजे पाय, लावलाच नव्हता, आणि शेवटी आई आणि अण्णा कोल्हापूरला, सांगोला, मिरज करत, अंबाबाईचं दर्शन, मुक्काम, येताना गुळाची ढेप दोघांच्या मधे, घरी उतरल्यावर अण्णा कशाचाही आधार न घेता दोन पायऱ्या चढून आत आले, आई डोळे मोठे करून बघत राहिली आणि म्हणाली की देवीनं ऐकलं गं, ‘तो’ एकदा पण कुरकुरला नाही, आणि अण्णांनी गाडीतला आकडा वाचून जाहीर केलं की पाचशेच्या कितीतरी वर झाले, आता क्लच बसला.

तिसरा

बाळ्याच्या पुढचा तोच सरळ पट्टा. तिसरा गिअर. अण्णांनी पाय दाबला.

इंजिन पुढं. गाडी मागं. वास.

अण्णांनी पाय काढला. परत फिरताना शहरात, सात रस्त्याला, गाडी मुंगीच्या पावलानं सरकू लागली, आणि दाबा-सोडा, दाबा-सोडा करताना अण्णांचा ओठ दातांखाली गेला. इंद्रायणीनं बघितलं. देवीनं ऐकलं होतं ते रस्ता मोकळा असेपर्यंतच, असं दिसत होतं.

कल्लप्पानं खाली वाकून वास घेतला आणि निकाल दिला. “मी म्हटलं हुतं न्हाय? ही जातच मऊ सर. उद्या खोलतो, बटनवाली घालतो.”

“घाल,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, पण ती तुम्हाला...”

“घाल म्हटलं ना. मला नाही चालवता आली तर तू चालव. पण गाडी घसरता कामा नये.”

असं ते म्हणाले. आणि असं म्हणणाऱ्या माणसानं मनात चावी आधीच दुसऱ्याच्या हातात दिलेली असते. इंद्रायणीला एक दिवस मिळाला होता.

न्यूट्रल

संध्याकाळ. घरातला झोपाळा. ती आणि अण्णा. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली.

“अण्णा, प्लेट बसते म्हणजे काय होतं?”

“नको आता ते.”

“सांगा ना. मला कळलंच नाही. बसते म्हणजे काय?”

“प्लेट नवी असते, तिचा पृष्ठभाग वरवर सपाट, पण बारीक उंचसखल. चाकाचाही तसाच. दोन्ही एकमेकांवर घासून घासून एकमेकांसारखे होतात. मग पूर्ण पकड येते.”

“घासतात कधी?”

“फिरताना.”

“कोण कोणावर घासतं? दोघं बरोबरच फिरतात ना? कल्लप्पा म्हणाला, चिकटून फिरते.”

“...”

“अण्णा?”

“थांब.”

“पेडल वर असताना ती चिकटलेलीच असते. मग...”

“थांब म्हटलं ना. मला म्हणू दे.” अण्णांनी झोपाळा पायानं थांबवला. “घासते ती फक्त पेडल सोडताना. पकड बसता बसता. तेवढा क्षणभर.”

“कोल्हापूरला जाऊन येताना पेडल किती वेळा सोडलंत?”

आई शेंगा फोडता फोडता म्हणाली, “कितीदा कशाचं? सांगोल्याला चहाला थांबलो, मिरजेत पेट्रोलला थांबलो. बाकी हे आपले पाय पसरून गाणी म्हणत होते.”

अण्णांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आणि हसू लागले. आधी आवाज न करता, मग असे की आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“पाचशे किलोमीटर गं! पाचशे किलोमीटर त्या प्लेटला आपण देवदर्शन घडवलं, आणि ती बसली नाही, कारण तिला घासायचं कामच दिलं नाही. जन्मभर घर्षण शिकवलं मी. फळ्यावर!”

“मी पण विचारलं नाही,” इंद्रायणी म्हणाली. “देवाचं नाव आलं की मी पण गप्पच बसले.”

“माझ्या देवांना मधे आणू नका,” आई म्हणाली. “त्यांनी क्लच बसवायचा ठेका घेतला नव्हता.”

कल्लप्पाला फोन केला. “अय्यो ताई, मी जॅक लावूनच ठेवलाय!” असं म्हणून त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग जॅक खाली घेतल्याचा आवाज आला. “खरं हाय की,” तो शेवटी म्हणाला. “ट्रॅक्टरचं किलोमीटर कोण बघतंय? शेतात प्रत्येक सरीच्या टोकाला क्लच दाबत्यात, प्लेट आपोआप बसती. मी आपलं किलोमीटर बोलून गेलो. बरं, जळाली नसंल तर बसंल अजून. गावात फिरवा. गर्दीत. लई गर्दीत.”

गर्दीत फिरवायचं म्हणजे शेकडो वेळा दाबायचं आणि सोडायचं. झोपाळ्यावर दोघांच्या मनात हे एकाच वेळी आलं. महामार्गानं क्लचची परीक्षा घेतली नव्हती तशी गुडघ्याचीही घेतली नव्हती. दोघंही न बसता पास झाले होते.

“मी फिरवते,” इंद्रायणी म्हणाली. “तुम्ही शेजारी बसा.”

“गाडी माझी आहे,” अण्णा म्हणाले. “जमेल तितकं मी.”

पहिला, पहिला, दुसरा, पहिला, पहिला

नवी पेठ. दाबा. सोडा. रिक्षा थांबली. दाबा. दोन हात पुढं. सोडा. एक बाई चादरींचं गाठोडं घेऊन मधेच. दाबा.

टिळक चौक. “काका, गाडी विकायचीय का?” “नाही.” दाबा. “मग फिरवूलालाव कशाला?” “बसवतोय.” “काय?” सोडा.

मंगळवार पेठ. हातगाडी. दाबा. बैल. सोडा. बैल परत. दाबा.

इंद्रायणी शेजारी बसून त्यांच्या पायाकडं बघायचं टाळत होती. ती आवाज ऐकत होती. पहिल्या फेरीत पेडल सुटताना एक बारीक थरथर यायची, मांजर गुरगुरावं तशी. अण्णांनाही ती कळली. “बघ, अजून सगळीकडून टेकत नाही. कडेकडेनं टेकतेय.” त्यांचा चेहरा वर्गात प्रयोग जमल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग पुढच्या चौकात तो चेहरा गेला. दाबा. ओठ दातांखाली. सोडा. कपाळावर घाम. ती काही बोलली नाही. बोलली असती तर ते ऊन आहे म्हणाले असते, आणि आभाळ तर भरून आलं होतं.

दाबा.

सोडा.

दाबा.

दाबून धरलं. पुढचं सगळं अडलेलं. एका टेम्पोतून सूत उतरवत होते. अण्णांनी गिअर न्यूट्रलला टाकला, पाय पेडलवरून काढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“गुडघा,” ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं वळून बघितलं.

“गुडघा दुखतोय, इंदू. फार.”

एवढंच. मग त्यांनी दार उघडलं. भर मंगळवार पेठेत ते उतरले, ती उतरली, बॉनेटसमोरून दोघं एकमेकांना ओलांडून गेले. मागच्या टमटमवाल्यानं हॉर्न वाजवला. अण्णांनी वळून त्याला हात जोडले, आणि वर्गाला गप्प करायच्या आवाजात म्हणाले, “अर्धा मिनिट!” टमटमवाला गप्प झाला.

असं मग पंधरवडाभर चाललं. अण्णा घरून काढायचे, गुडघा बोलला की स्वतःच सांगायचे आणि उतरायचे, पुढं इंद्रायणी. दुकानात तिच्याऐवजी भुवनेश्वरी बसायची, जी कुणाला काही विचारत नाही, त्यामुळे त्या पंधरवड्यात गोळ्या भरभर खपल्या. अण्णा उतरायचे तो चौक कधी पुढं सरकला, कधी मागं. पण टिळक चौकाच्या पुढं फारसा गेला नाही. क्लच रोज थोडा थोडा बसत होता. गुडघा काही बसणार नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत, एकाच वेळी कळत होत्या, आणि अण्णा त्या दोन्हींकडं आता सारख्याच उत्सुकतेनं बघू लागले होते. “काल मंडईपर्यंत आलो होतो, आज अलीकडेच. रात्री थंडी होती त्याचं असेल का गं?” असं ते स्वतःहून विचारायचे. आईनं ‘तो’ म्हणणं सोडलं. म्हणायची गरज राहिली नव्हती.

गुरगुर एके दिवशी थांबली. नेमकी कुठल्या चौकात, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

तिसरा

सकाळी, बाळ्याच्या पुढं. रस्ता रिकामा. शहरातून इथवर इंद्रायणीनं आणली होती, इथं अण्णा बसले.

पहिला. दुसरा. तिसरा.

“दाबू?”

“मला काय विचारता?”

अण्णांनी पाय दाबला. टर्बोनं श्वास घेतला. इंजिनचा काटा चढला आणि वेगाचा काटा त्याच्या खांद्याला खांदा लावून चढला. पाठ सीटला चिकटली. चिंचोळीच्या कारखान्यांचे पत्रे एकामागून एक निघून गेले. कसलाही वास नाही. पेडल वर, पाय मोकळा, आणि खाली कुठंतरी दोन चकत्या एकमेकींना घट्ट धरून एकाच वेगानं फिरत होत्या. इंद्रायणीच्या तोंडून एक आरोळी निघाली, तिला शब्द नव्हते. अण्णा गात होते. काय ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

बरंच पुढं जाऊन ते वळले. येताना पाचवा, एका तालात.

बाळ्याच्या अलीकडं गतिरोधक सुरू होतात, टपऱ्या लागतात, वडापच्या जीपगाड्या उभ्या असतात. अण्णांनी तिथं, कुणी न सांगता, गाडी कडेला घेतली. न्यूट्रल. हँडब्रेक.

“इथून पुढं शहर,” ते म्हणाले. “ते तुझं.”

“आणि मागं?”

“मागं माझं. गाणगापूर, कोल्हापूर, अजून कुठं कुठं. रस्ता मोकळा असेल तिथवर सगळं माझं.”

“आणि तिकडं गर्दी लागली तर?”

“तर तुला हाक मारीन. शेजारीच असशील ना?”

टपरीवरच्या माणसानं विचारलं, “सर, बंद पडली का?”

“नाही हो. चालू आहे.”

ते उतरले. बॉनेटला हात लावत, त्याच्या उबेत जरा थांबत, पलीकडं गेले. इंद्रायणी चाकामागं बसली, सीट पुढं ओढली, पेडल दाबलं, पहिला टाकला आणि सोडलं. गाडी धक्का न देता निघाली. अण्णांनी पट्टा ओढून लावला, आणि समोर काहीच दाबायचं नव्हतं तिथं डावा पाय लांब करून ठेवला.